बाईंचं गवत

बेलापूरच्या आसपास काही जुनी माणसं अजूनही गाजरगवताला 'बाईंचं गवत' म्हणतात. नव्या पोरांना त्या बाई कोण हे ठाऊक नसतं. एखादी देवीबिवी असेल असं त्यांना वाटतं. मला त्या बाई ठाऊक आहेत. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लागून होती. पण हे गवत खरोखर त्यांचं होतं की नव्हतं, असं कुणी विचारलं तर मला आजही नीट उत्तर देता येत नाही. त्यांनाही देता आलं नसतं.

करुणा साळवे आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी सत्तरच्या सुमारास चित्रकलेचा मास्तर म्हणून तिथं लागलो, तेव्हा खोलीत एकच खुर्ची रिकामी होती. ती रिकामी का, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. शेजारी बाईंची कापडी पिशवी टेबलावर असायची आणि त्या पिशवीतून काय बाहेर येईल याचा नेम नसायचा. मुंग्या यायच्या, अळ्या यायच्या, कधी नुसताच चिखल गळायचा. त्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक फांदी बाहेर आली. बाईंनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "चित्रकार, ह्यांचं चित्र काढून द्याल का? दुपारनंतर ह्या मान टाकतील."

मी मागं वळून पाहिलं. मला वाटलं, कुणी वयस्कर बाई दारात उभ्या आहेत आणि त्यांचं चित्र काढायचंय. मागं कुणीच नव्हतं. 'ह्या' म्हणजे ती फांदी होती.

बाईंची ही रीत मला हळूहळू समजली. ज्या झाडाचं नाव ठाऊक नाही त्याला त्या अहो-जाहो करायच्या. ओळख नसलेल्या माणसाशी आपण एकदम एकेरीवर येतो का, असं त्यांचं म्हणणं. नाव कळलं, पुस्तकाशी ताडून झालं, की मग 'अगं, तू होय!' अशी सलगी सुरू. एकदा वर्गात त्यांनी एका रोपाला 'आपण कुठल्या?' असं विचारलेलं मुलांनी ऐकलं आणि गावभर केलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या शाळेत यायच्या त्या पायात कॅनव्हासचे बूट, अंगावर फिकी सुती साडी आणि डोक्यावर पुरुषी मोठी काळी छत्री, बाराही महिने उघडलेली. रस्त्याच्या मधोमध चालायच्या आणि मधेच थांबायच्या. मागची बैलगाडीही थांबायची. गाडीवान बिडी पेटवत. बाईंना काहीतरी दिसलंय, दिसून झालं की त्या पुढं होतील, एवढं त्यांना माहीत असायचं.

पान दिसलं की चुरगाळून हुंगायचं. फूल दिसलं की पाकळ्या मोजायच्या. कधीकधी जिभेवर ठेवायच्या आणि मग बराच वेळ गप्प बसायच्या. काय झालं विचारलं तर म्हणायच्या, "काही होतंय का बघतेय." यावरून त्यांचे वडील त्यांना रागवायचे. योसेफमास्तर त्यांचं नाव. जुन्या मिशन शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलेलं, आता घरी असायचे. बाईंनी लग्न केलेलं नव्हतं. बापलेक दोघंच नदीकडच्या एका बैठ्या घरात राहत. संध्याकाळी बाई घरी आल्या की मास्तर बाजेवरून विचारायचे, "काय मिळालं आज?" आणि मग दोघं कंदील जवळ घेऊन पिशवी रिकामी करायचे. मी चित्रं द्यायला जायचो तेव्हा मास्तर मला चहा द्यायला सांगायचे आणि माझ्या चित्रातल्या चुका काढायचे. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

रविवारी दोघं उपासनेला जायची. बाई खिडकीशी बसायच्या. पाळकसाहेबांनी एकदा तक्रार केली की प्रवचन चालू असताना करुणाबाई बाहेर बघत असतात. बाई म्हणाल्या, "तिकडंही त्याचंच काम चाललेलं असतं, साहेब."

बाईंची एक इच्छा होती आणि ती त्यांनी कुणापासून लपवलेली नव्हती. जगात कुठंच नसलेलं झाड शोधावं एवढी मोठी हाव त्यांना नव्हती. आपल्या जिल्ह्यात आजवर कुणी न नोंदवलेली एक वनस्पती आपल्याला सापडावी, एवढंच. इंग्रजांच्या वेळचं एक जाड पुस्तक त्यांच्याकडे होतं, त्यात कुठल्या भागात काय उगवतं ते दिलेलं होतं. ते पुढ्यात घेऊन त्या मला सांगायच्या, "एवढा थोरला जिल्हा आपला. तिकडे भंडारदऱ्याचे डोंगर, इथं हा ऊस, खाली कर्जत-जामखेडचा माळ. साहेब लोक घोड्यावरून फिरले. घोड्यावरून किती दिसणार? काहीतरी राहिलंच असेल."

एकदा त्यांना वाटलं की सापडलं. शाळेची सहल भंडारदऱ्याला गेली होती. धरण पाहून झालं, मुलं डबे सोडून बसली आणि बाई दिसेनात. अर्ध्या तासानं वरच्या उतारावर छत्री दिसली. छत्रीखाली बाई गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि समोर खडकाच्या खोबणीत निळसर फुलाचं एक नाजूक रोप होतं. मला हाक मारली, तिथंच चित्र काढायला बसवलं. एस.टी.वाला भोंगा वाजवून दमला. परत येताना बाई गाडीत नुसत्या हसत होत्या. हेडमास्तरांनी दुसऱ्याच दिवशी प्रार्थनेच्या वेळी जाहीर करून टाकलं की आपल्या साळवेबाईंनी नव्या वनस्पतीचा शोध लावला आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पुण्याला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक होते, बाई त्यांना नमुने पाठवत. त्यांचं उत्तर आलं की ही वनस्पती चांगली परिचयाची आहे, त्याच डोंगरातून फार पूर्वीच नोंदलेली आहे, पुस्तकात नाव तेवढं जुनं आहे. बाईंनी ते वाचलं आणि पुढच्या सकाळी प्रार्थना संपल्यावर स्वतःच पुढं होऊन मुलांना म्हणाल्या, "मागं तुम्हाला जे सांगितलं ते चूक होतं. ते फूल नवीन नाही. मलाच ओळखता आलं नाही." आता टाळ्या वाजवायच्या की नाही, हे मुलांना कळेना. त्यांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, हेडमास्तरांनी आमच्याकडे. मग कुणीतरी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. बाई हात जोडून खाली उतरल्या आणि वर्गावर गेल्या. अशा चुका त्यांच्या आणखीही झाल्या. दरवेळी त्या सांगून मोकळ्या व्हायच्या.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. प्रवरेच्या पात्रात नुसती वाळू राहिली. बाईंची पिशवी रिकामी राहू लागली. उगवतच नव्हतं काही. मास्तर संध्याकाळी विचारायचे आणि बाई म्हणायच्या, "काही नाही, बाबा."

त्या उन्हाळ्यात मी आणि बाई श्रीरामपूरला गेलो होतो. शाळेसाठी कागद आणि रंग घ्यायचे होते. काम झाल्यावर बाई म्हणाल्या, स्टेशनवरून जाऊ, तिथं नळ गळतो, काहीतरी हिरवं असेल. हिरवं बघायला माणसानं स्टेशनवर जावं, असे ते दिवस होते. मालधक्क्यावर परदेशातून आलेल्या गव्हाची पोती उतरत होती. गोदामामागं झाडलोट करून टाकलेला कचरा होता, त्यात सांडलेला गहू, माती, सुतळीचे तुकडे. तिथंच इंजिनात पाणी भरायच्या नळाची गळती वाहत यायची. त्या ओलीवर हातभर उंचीची पाचसात रोपं उभी होती. पानं गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, शेंड्यांवर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके.

बाई थांबल्या. छत्री मिटली. भर उन्हात त्यांनी छत्री मिटलेली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आपण कोण?"

पोती वाहणारा एक हमाल घाम पुसत जवळ आला. म्हणाला, "गाजर हाय का वो, बाई?"

"गाजर नाही," बाई म्हणाल्या. "काय आहे ते मला ठाऊक नाही."

त्यांनी पान चुरगाळलं, हुंगलं, जिभेवर ठेवलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. कडू होतं. मग एक रोप मुळासकट घेतलं आणि ओल्या फडक्यात बांधलं. आणखी दोन, मातीच्या ढेकळासकट, माझ्या रुमालात. या वेळी हेडमास्तरांनाही काही सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. मास्तरांनी कंदिलाच्या उजेडात ते पाहिलं, पुस्तक चाळलं, पुन्हा पाहिलं. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "यात नाही, करुणा."

पुण्याला नमुना आणि माझं चित्र गेलं. या वेळी उत्तराऐवजी प्राध्यापक स्वतःच आले. मध्यमवयाचे, घाईत बोलणारे गृहस्थ होते. आम्ही त्यांना मालधक्क्यामागं घेऊन गेलो. त्यांनी वाकून पाहिलं आणि लगेच लॅटिन नाव सांगितलं. अमेरिकेकडची वनस्पती, म्हणाले. पुण्यात काही वर्षांपासून मोकळ्या जागांवर दिसतेय. पण माझ्या माहितीप्रमाणे तुमच्या जिल्ह्यातून हिची नोंद कुणी केलेली नाही. ही पहिली. तुमच्या नावानं आमच्या पत्रिकेत छापू.

बाईंचे डोळे भरून आले. त्या रोपाकडे पाहत म्हणाल्या, "अगं, एवढ्या लांबून आलीस तू."

प्राध्यापक हातरुमालानं बोटं पुसत होते. ते म्हणाले, "काम फार चांगलं केलंत, बाई. बातमी मात्र वाईट आहे."

"म्हणजे?"

"पुण्यात ही पसरतेय. जिथं पसरते तिथं दुसरं काही उगवू देत नाही, असं दिसतंय. नक्की आत्ताच काही सांगता येत नाही. लक्ष ठेवा."

"मग मी आनंद मानू की नको?"

ते हसले. म्हणाले, "दोन्ही करा." आणि त्यांची गाडी आली.

लक्ष ठेवा, याचा अर्थ बाईंनी त्यांच्या परीनं घेतला. लक्ष ठेवायचं तर जवळ हवं. माझ्या रुमालातून आणून ओल्या मातीत जगवलेली ती दोन रोपं त्यांनी तुपाच्या रिकाम्या डब्यांत लावली आणि मागच्या ओसरीत ठेवली. दुष्काळात घरात पाणी मोजकंच यायचं, त्यातलं भांडी धुतलेलं पाणी रोपांना मिळायचं. फुलं कधी येतात, बी कधी धरतं, एका झुबक्यात किती, हे सगळं बाई रोज बघायच्या. रोपं डब्यांत जोरात फोफावली. सगळं गाव करपलेलं आणि त्या ओसरीत तेवढं हिरवं. मास्तरांनी बाज तिकडे हलवायला सांगितली. म्हणायचे, डोळ्यांना बरं वाटतं.

त्या हिवाळ्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. हेडमास्तरांनी एक डबा मागून घेतला आणि मधल्या टेबलावर ठेवला. खाली पाटी, 'जिल्ह्यात प्रथमच आढळलेली वनस्पती'. ती पाटी मीच रंगवली होती. लोक बघायला आले. गावातले पुढारी आले, त्यांच्यासाठी हार करायला फुलं पुरेनात, तेव्हा कुणीतरी डब्यातल्या पांढऱ्या झुबक्यांचे चार तुरे तोडून झेंडूत गुंफले. हार चांगला दिसत होता. बायांनी फुलं हातात घेऊन पाहिली. दोघीतिघींनी 'बाई, बी द्या ना' म्हणून मागितलं. बाईंनी दिलं नाही. बी अजून पिकलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. हे कारण खरं होतं की प्राध्यापकांचं बोलणं त्यांच्या मनात कुठंतरी होतं, हे मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. पाटाच्या कडेनं, पडीक रानात, गावठाणात, शाळेच्या कुंपणाला लागून, सगळीकडे ती गाजरासारखी पानं वर आली. श्रीरामपूरच्या स्टेशनपासून बेलापूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी रेघ दिसायची. बाई सुरुवातीला प्रत्येक ठिकाण टिपून ठेवत होत्या. मग ते त्यांनी सोडलं. कुठं नाही हेच टिपणं सोपं झालं होतं.

एका सकाळी मी त्यांच्या घरी होतो, तेव्हा रंगनाथ खंडागळे आले. पाटाखाली त्यांचं रान होतं, चांगला ऊस पिकवायचे. गंभीर माणूस, फुकटचं बोलणारा नव्हे. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. कोपरांपासून मनगटांपर्यंत कातडी लाल होऊन फुटली होती.

"उसातलं गवत उपटलं अन् ह्ये आसं झालं," ते म्हणाले. "आग हुतीया नुसती. जनावरं तोंड लावीत न्हाईत. खुरपलं तरी आठ दिसांत हाय तसं."

बाईंनी त्यांचे हात बघितले. त्यांचा स्वतःचा गळा आणि मनगटं त्या वेळी तशीच लाल होती. घामोळं असेल असं त्या आम्हाला सांगत होत्या.

बाह्या खाली करत रंगनाथभाऊ म्हणाले, "बाई, राग मानू नका. गावात म्हनत्यात, ह्ये तुमीच आनलं. शाळंत डब्यात ठिवलं हुतं, आमी बी पाह्यलं. मला येवढंच इचारायचं हाय. आनलं त्ये आनलं, पर घालवायचं कसं, त्ये तुमालाच ठावं आसंल."

मी मधे बोललो. म्हणालो, भाऊ, बाईंनी आणलं नाही. परदेशी गव्हातून आलं. बाईंनी फक्त ओळखलं. ओळखणं निराळं आणि आणणं निराळं.

"व्हय का?" रंगनाथभाऊंनी बाईंकडे पाहिलं. "तसं हाय का, बाई?"

बाई उत्तर द्यायला लागल्या. "गव्हातून आलं हे खरं आहे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. ओसरीत ते डबे होते. झाडांचं बी केव्हाच गळून गेलं होतं. ओसरीला दार नव्हतं, पलीकडे परस, परसाला लागून ओढा आणि ओढा पुढं पाटाखालच्या रानांमधून जात होता. बाईंनी एकदा डब्यांकडे पाहिलं, एकदा ओढ्याकडे.

"मला माहीत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "घालवायचं कसं तेही माहीत नाही."

रंगनाथभाऊंना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, बरं बरं, बघू, आणि निघून गेले. गावात मात्र तेव्हापासून 'बाईंचं गवत' हे नाव पक्कं झालं.

मास्तरांचा दमा जुना होता. त्या पावसाळ्यानंतर तो फार वाढला. रात्रभर बसून काढायचे. श्रीरामपूरचे डॉक्टर येऊन गेले. वय झालंय, हवा ओलसर आहे, असं म्हणाले. बाईंनी त्यांना डबा दाखवला आणि विचारलं, याचा काही संबंध? डॉक्टरांनी असं झाड कधी पाहिलेलं नव्हतं. असेलही, नसेलही, ते म्हणाले. त्याच संध्याकाळी बाईंनी दोन्ही डबे परसात नेऊन रोपं जाळली. मास्तर ओरडले नाहीत, पण त्यांना ते पसंत पडलं नाही.

"तू आणलं नाहीस, करुणा," ते धापा टाकत म्हणाले. "उगाच अंगावर घेऊ नकोस."

"डब्यात मीच लावलं ना, बाबा?"

"ते शिकण्यासाठी."

"कशासाठी लावलं हे त्या झाडाला काय माहीत?"

दुसऱ्या दिवसापासून बाई पहाटे खुरपं घेऊन बाहेर पडू लागल्या. हातांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळलेल्या, तोंडाला पदर. रस्त्याच्या एका कडेनं उपटत जायच्या, ढीग करायच्या, शाळेच्या वेळेला परत फिरायच्या. मुलांनी मदत करू म्हटलं तर त्यांनी साफ नकार दिला, त्यांना जवळही येऊ दिलं नाही. मी एकदोनदा गेलो. माझ्या हातांना काही झालं नाही. बाईंच्या मात्र पापण्यासुद्धा सुजायच्या. वर्गात त्यांना खडू धरता येईना. काही लोकांना वाटलं, बाई पाप फेडतायत. काहींना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. एक दिवस रंगनाथभाऊ येऊन रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं उपटू लागले. दोघं समोरासमोर वाकून काम करायचे, एकमेकांशी बोलायचे नाहीत. उपटलेल्या जागी दहापंधरा दिवसांत पुन्हा कोंब दिसायचे.

आणि नेमकी तेव्हाच ती पत्रिका छापून आली. 'नगर जिल्ह्यातील पहिली नोंद, कु. करुणा साळवे' असं त्यात होतं, आणि खाली माझं चित्र. हेडमास्तरांना भंडारदऱ्याच्या वेळचा ओशाळेपणा धुऊन काढायचा होता. त्यांनी सत्काराचा घाट घातला. बाई नको म्हणत होत्या. मास्तर म्हणाले, जा. मला चालवत नाही, नाहीतर मीही आलो असतो.

सत्काराला पुण्याचे प्राध्यापकही आले. शाल झाली, नारळ झाला. हेडमास्तर बोलले, प्राध्यापक बोलले. त्यांनी बाईंच्या चिकाटीचं मनापासून कौतुक केलं. मग बाई उभ्या राहिल्या. पूर्ण बाह्यांचं पोलकं होतं, तरी मनगटांवरची कातडी दिसत होती. मागच्या बाकांवर गावकरी बसले होते, त्यांत रंगनाथभाऊ होते.

बाई म्हणाल्या, "मला लहानपणापासून एक नवी वनस्पती सापडावी असं वाटत होतं. ती सापडली. सापडली नसती तरी ती आलीच असती, असं सर म्हणतात. ते बरोबर असेल. पण मी तिला पाणी घातलं. दुष्काळात घातलं. आज हा नारळ कशासाठी घ्यायचा, ते मला समजत नाही. म्हणून मी तो घेते आणि इथंच ठेवते."

नारळ टेबलावर ठेवून त्या खाली बसल्या. मुलांनी पुन्हा एकमेकांकडे पाहिलं. या वेळी टाळ्या वाजल्याच नाहीत. बाहेर पडताना प्राध्यापक मला म्हणाले, बाई फार हळव्या आहेत, बिया वाऱ्यानं, गाड्यांच्या चाकांनी जातात, दोन डब्यांनी काय होणार. मी म्हणालो, हे त्यांना सांगा. त्यांनी सांगितलं. बाईंनी विचारलं, "नक्की?" प्राध्यापक प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "नक्की कसं सांगणार?"

योसेफमास्तर त्या थंडीतच गेले. दफनाला सगळी शाळा होती. गावातलेही बरेच होते, रंगनाथभाऊ खड्ड्यात माती लोटायला पुढं झाले. पाळकसाहेबांची प्रार्थना चालू असताना बाई एकटक खाली बघत होत्या. मला वाटलं, त्या रडतायत. जवळ गेलो तर त्या वर काढलेल्या मातीत काहीतरी शोधत होत्या. कोंब आहेत का बघत होत्या. नव्हते.

त्यानंतर त्यांनी फिरणं सोडलं. पिशवी घरी राहिली. ते जाड पुस्तक त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवून दिलं. मी एकदा म्हणालो, बाई, नदीकडे जाऊन येऊ. त्या म्हणाल्या, "नको, चित्रकार. मला दिसलं की मी थांबते, आणि थांबले की मग राहवत नाही." शाळेत त्या पूर्वीइतकंच चांगलं शिकवत. फक्त फळ्यावर शिकवत. पान वर्गात आणत नसत. मला राहून राहून वाटायचं की कुणीतरी त्यांना एकदा ठामपणे सांगावं, तुझी चूक आहे, किंवा तुझी चूक नाही. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. तसं सांगणारं कुणी भेटलं नाही.

पुढं माझी बदली कोपरगावला झाली आणि भेटी संपल्या. नाताळात त्यांचं कार्ड यायचं, मग तेही थांबलं. बाई निवृत्त होऊन नगरला बहिणीकडे गेल्याचं कुणीतरी सांगितलं.

आणि मग बऱ्याच वर्षांनी एका दुपारी कोपरगावच्या एस.टी. स्टँडवर त्या मला दिसल्या. मी कँटीनमध्ये चहा घेत होतो. मागच्या भिंतीशी, जिथं टपऱ्यांचं पाणी सोडतात तिथं, एक म्हातारी बाई उकिडवी बसली होती. पूर्ण बाह्यांचं पोलकं, हातांत सुती मोजे. मी ओळखलं आणि कप तसाच ठेवून गेलो. जवळ गेल्यावर पाहिलं तर बाजूला त्यांची पाण्याची बाटली झाकण काढून ठेवलेली होती.

"बाई," मी हाक मारली.

त्या दचकल्या. उठताना त्यांनी माझा हात धरला. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. प्रकृतीची चौकशी झाली, बहिणीची झाली. मी विचारलं, इथं काय बघत होता?

"काही नाही," त्या म्हणाल्या. "चपलेचा अंगठा तुटला होता."

त्यांच्या पायात बूट होते. त्यांची नाशिकची गाडी लागली, मी त्यांना हात देऊन चढवलं. त्यांनी खिडकीतून मोज्याचा हात हलवला आणि मान दुसरीकडे वळवली.

गाडी गेल्यावर मी पुन्हा भिंतीशी आलो. ओलीवर दोन लहान रोपं होती, मी कधी न पाहिलेली, गोल जाडसर पानांची, इवल्या पिवळ्या कळ्यांची. एक मुळासकट उपटून कोरड्या जागी उन्हात टाकलेलं होतं. दुसरं जागेवर होतं, आणि त्याच्या बुडाशी नुकतंच पाणी घातलेलं होतं.